ग्राफ सरळ आला, तरी सिस्टीम लिनिअर नाही?

प्रश्न : सर, मी ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) दुसऱ्या वर्षाला आहे. पेपरात आलं होतं, आउटपुट = २ × इनपुट + ३, ही सिस्टीम लिनिअर आहे का? मी ग्राफ काढला, सरळ रेषा आली, लिनिअर लिहिलं आणि मिळाले शून्य मार्क. दुसरं म्हणजे मिनी प्रोजेक्टला १२ व्होल्टवर चालणारा ऑडिओ अँप्लिफायर बनवलाय, तो लिनिअर आहे हे लॅबमध्ये कसं दाखवू? तिथे तर फॉर्म्युलाच नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ग्राफ काढल्याचा अर्धा मार्क तरी द्यायला हवा होता रे, पण उत्तर चुकलंय हे खरं. दहावीत सरळ रेषेच्या समीकरणाला रेषीय म्हणतात ना, घोळ तिथूनच सुरू होतो. सिग्नलवाल्यांचा प्रश्न वेगळा असतो, दोन इनपुट एकत्र दिले तर दोघांच्या आउटपुटची बेरीजच मिळते का, आणि इनपुट दुप्पट-तिप्पट केला तर आउटपुटही तेवढाच वाढतो का. तुझ्या सिस्टीमला १ दे, ५ येतात. २ दे, ७ येतात. बेरीज १२. आता एकदम ३ दे, येतात ९. तो वरचा ३ बेरजेत दोनदा धरला गेला, म्हणून फरक. याहून सोपं म्हणजे आधी शून्य देऊन बघायचं, शून्याला शून्य आलं नाही तर तिथेच निकाल लागला. आलं तर मात्र लगेच पास करू नकोस, वर्ग करणारी सिस्टीमसुद्धा शून्याला शून्यच देते.

आणि नुसतं दुप्पट करून बघणारेही फसतात बरं का. मीडियन फिल्टर घे, तीन सॅम्पलमधला मधला आकडा उचलणारा. इनपुट दुप्पट केलं की आउटपुट बरोबर दुप्पट. पण ०, ०, १ दिलं तर ०, आणि ०, १, ० दिलं तरी ०. दोघांची बेरीज ०, १, १ दिली की येतो १! शून्य अधिक शून्य एक कसं होईल? गेला लिनिअरपणा. मला हे उदाहरण फार आवडतं, व्हायवात विचारलं की भलेभले गप्प होतात.

आता अँप्लिफायर. एका सप्लायवर चालत असेल तर इनपुट नसतानाही आतलं आउटपुट साधारण ६ व्होल्टवर बसलेलं असणार, म्हणजे पेपरातला तो + ३ च हा. स्पीकरच्या आधीचा कपॅसिटर तो अडवतो, म्हणून मोजमाप कपॅसिटरच्या पुढे, लोड लावून घे.

दोन फंक्शन जनरेटर घे, १००० आणि १२०० हर्ट्झ, पण थेट एकमेकांना जोडू नकोस, प्रत्येकाला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून मग एकत्र कर, ते अँप्लिफायरला दे आणि आउटपुटचा एफएफटी, म्हणजे सिग्नलमध्ये कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे तो ग्राफ, डीएसओवर (डिजिटल ऑसिलोस्कोपवर) बघ. लिनिअर असेल तर ग्राफमध्ये वर आलेल्या दोनच शेंड्या दिसतील. २००, ८००, १४००, २२०० ला नवीन काही उगवलं तर ते अँप्लिफायरने स्वतःच्या मनाने घातलंय (आधी रेझिस्टरने एकत्र केलेल्या इनपुटचाच एफएफटी काढून ठेव, नाहीतर जनरेटरचं पाप अँप्लिफायरच्या माथी मारशील). क्लिपिंगच्या (आउटपुटची टोकं कापली जाण्याच्या) बरंच खाली असताना इनपुट दुप्पट केलास तर मूळ दोन शेंड्या दुप्पट होतात, पण ८०० आणि १४०० च्या साधारण आठपट होतात, त्यामुळे कमी आवाजाला छान वाटणारा अँप्लिफायर व्हॉल्यूम वाढवला की एकदम चिरकतो. पुढे १२ व्होल्टची भिंत आहेच, तिथे साइनची टोकं सपाट होणार.

डीएसओ बहुतेक ८ बिटचा असेल, बारीक दोष त्यात दिसायचे नाहीत. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं ‘लिनिअर आहे’ असं लिहू नकोस, कितव्या व्होल्टपर्यंत नवीन शेंडी दिसली नाही तो आकडा लिही आणि खाली दोन्ही एफएफटीचे फोटो चिकटव.