जुन्या मियाटाचे टायर : हिशेब मैलांचा की वर्षांचा?

न्यू जर्सीतील एडिसनहून एका वाचकाने पत्र पाठवले आहे. त्यांच्याकडे १९९० सालची माझदा मियाटा आहे : दोन माणसांची, कापडी छत मागे दुमडता येणारी छोटी स्पोर्ट्स कार. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात ती हौसेपुरती, वर्षाला जेमतेम १,८०० मैल फिरते. टायर बदलायचे आहेत. दुकानदाराने बसवणावळीसह तीन भाव दिले आहेत : चार परफॉर्मन्स ऑल-सीझन टायर ६८० डॉलरना, रस्ता घट्ट धरणारे उन्हाळी टायर ७६० ना, आणि उन्हाळीच घेतले तर तळघरात पडून असलेल्या मूळ १४ इंची रिमवर हिवाळी टायरांचा वेगळा संच आणखी ५६० ना. एरवी हे वाचक मेट्रोपार्क स्टेशनपर्यंतचे अडीच मैल सायकलने जातात. बर्फात ते जमत नाही, म्हणून ९,००० डॉलरची एखादी जुनी गाडी घेण्याचे घरात घाटत आहे. त्याऐवजी ऑल-सीझन टायर टाकून मियाटाच हिवाळ्यात स्टेशनला नेली तर नऊ हजार वाचतील का, आणि टायरचे पैसे रोख न देता दुकानाच्या कार्डावर सहा महिने बिनव्याजी घ्यावेत का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. क्रेडिट कार्डावर आधीचेच ४,२०० डॉलर २३ टक्के व्याजाने थकलेले आहेत आणि मार्चमध्ये कर वजा जाता सुमारे ३,००० डॉलर बोनस मिळायचा आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आपण अगदी शेवटी, जाता जाता लिहिला आहे, तो म्हणजे टायरच्या बाजूवर कोरलेला '२३१४'. डीओटी (अमेरिकेचे परिवहन खाते) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या संकेतांकाचे हे शेवटचे चार अंक असून पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. म्हणजे आपले टायर २०१४ च्या जूनमध्ये कारखान्यातून निघाले. टायरच्या नक्षीच्या खाचेत सेंटचे नाणे उलटे धरले तर लिंकनचे डोके कपाळाच्याही पुढे आत बुडते, म्हणजे खाच अजून खोल आहे, तेव्हा आणखी दोन हंगाम निघतील का, असेही आपण विचारता. ती नाण्याची परीक्षा झीज मोजते, वय मोजत नाही. हवेतला प्राणवायू रबराला आतून-बाहेरून कडक करत जातो, आणि रबरात मिसळलेली संरक्षक मेणे टायर फिरत असला तरच पृष्ठभागावर येत राहतात. त्यामुळे गॅरेजमध्ये जपून ठेवलेल्या गाडीचा टायर रोज पळणाऱ्या टायरपेक्षा सुरक्षित असतो, ही समजूत खरी नाही. अनेक गाडी-उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदला असे सांगतात, आणि मिशेलिनसारखी टायर कंपनीसुद्धा उत्पादनापासून दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानते. आपल्या टायरांनी ती ओलांडली आहे. नक्षीच्या तळाशी केसाएवढ्या चिरा दिसतात असे आपणच लिहिले आहे. तेव्हा या टायरांवर आता गाडी काढू नये. इथे दोन हंगामांची बचत शोधणे म्हणजे दोनशे डॉलरसाठी जीव टांगणीला लावणे आहे.

एकदा हे मान्य केले की खरेदीचा हिशेब पार बदलतो. दुकानदाराने ऑल-सीझन टायरांची ४५,००० मैलांची हमी ठळकपणे पुढे केली आहे. आपल्या १,८०० मैलांच्या वेगाने ती संपायला पंचवीस वर्षे लागतील. अशा हमीला बहुधा सहा वर्षांची मर्यादाही असते. ती बारीक अक्षरांत असते, शिवाय भरपाई झिजेच्या प्रमाणात मिळते आणि त्यासाठी टायर वेळोवेळी आलटूनपालटून लावल्याच्या पावत्या दाखवाव्या लागतात. सहा वर्षांत आपली गाडी १०,८०० मैल जाईल, आणि त्यानंतर टायर नवे दिसत असले तरी आपण ते बदलाल. म्हणून दीर्घायुष्यासाठी एक डॉलरही जास्त मोजू नका. टायरवर कोरलेला झिजेचा आकडा, कुठे ३००, कुठे ५४०, हाही आपल्यासाठी गौण आहे. तो आकडा प्रत्येक कंपनी आपल्या चाचणीवरून स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून होतही नाही. आपण विकत घेत आहात ती सहा वर्षे. ६८० भागिले सहा म्हणजे वर्षाला ११३ डॉलर. उन्हाळी आणि हिवाळी असे दोन संच घेतले तर १,३२० भागिले सहा, म्हणजे २२०.

यांतून मी ऑल-सीझन निवडीन, पण आपण दिलेल्या कारणासाठी नव्हे. उन्हाळी टायरचे रबर साधारण ४५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ७ अंश सेल्सियसच्या खाली ताठर होऊ लागते, आणि आपल्याकडे एप्रिलच्या सकाळी व नोव्हेंबरच्या संध्याकाळी पारा त्याच्या खाली सहज जातो. शिवाय अतितीव्र पकडीच्या काही उन्हाळी टायरांबाबत कंपन्याच बजावतात, की कडक गोठणाऱ्या थंडीत गाडी जागची हलवली तरी नक्षीला तडे जाऊ शकतात. आपले गॅरेज गरम केलेले नाही. फेब्रुवारीत गाडी दोन फूट मागे घेण्याचीही धास्ती बाळगावी लागेल असा टायर हौसेच्या गाडीला कशाला हवा? ज्यांना शर्यतीच्या ट्रॅकवर जायचे आहे त्यांची गोष्ट वेगळी. आपण पत्रात डेलावेअर नदीकाठच्या रस्त्यांचा उल्लेख करता, ट्रॅकचा नाही.

मापाबाबत एवढेच सांगतो, की आधीच्या मालकाने बसवलेल्या १५ इंची रिमवर १९५/५० हे माप आहे आणि त्याचा भारांक ८२ आहे. म्हणजे एका टायरची क्षमता ४७५ किलो, चारांची १,९०० किलो. मियाटाचे वजन हजार किलोच्या आतबाहेर आहे, त्यामुळे जादा भाराच्या मजबूत टायरसाठी दुकानदार वर पैसे मागत असेल तर नम्रपणे नाही म्हणावे. मूळ १४ इंची रिम मात्र विकू नका. गाडी कधी विकायची वेळ आली तर त्यांची किंमत होईल.

आता नऊ हजारांचा प्रश्न. ऑल-सीझन या शब्दाचे मराठी आपण 'बारमाही' असे केले तर आपल्या गावाकडचा अनुभव आठवावा : बारमाही म्हणवणाऱ्या विहिरीही मे महिन्यात तळ दाखवतात. टायरवरची एम आणि एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे नक्षीच्या रचनेवरून दिली जातात, त्यासाठी बर्फावर चाचणी होत नाही. तीन शिखरांत हिमकण काढलेले चिन्ह असेल तर बर्फावर चाचणी झालेली असते, पण ती पुढे खेचण्याच्या ताकदीची असते, थांबण्याची नव्हे. आणि आपल्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही, वजन थोडे. परंतु मी आर्थिक सल्लागार आहे, ड्रायव्हिंगचा शिक्षक नव्हे, म्हणून हा मुद्दा इथेच सोडून पैशांकडे वळतो, कारण उत्तर तिथेच जास्त स्पष्ट आहे.

आपला विमा संग्राह्य गाड्यांच्या प्रकारातला, ठरावीक मूल्याचा आहे. गाडी पूर्ण गेली तर १६,००० डॉलर मिळतील हे आधीच ठरलेले आहे आणि वर्षाचा हप्ता फक्त ३४० डॉलर आहे. तो इतका कमी का, याचे उत्तर आपण जोडलेल्या कागदाच्या दुसऱ्याच पानावर आहे : गाडी बंद जागेत ठेवली जाईल, घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी असेल, आणि ही गाडी कामावर जाण्यायेण्यासाठी वापरली जाणार नाही. जानेवारीत मेट्रोपार्कच्या पार्किंगमध्ये आठवड्याला तीन दिवस उभी असलेली गाडी 'हौसेची' कशी ठरेल? तिथे कुणी धडक दिली तर दावा अडू शकतो. हे टाळायला साधा विमा घ्यावा, तर आपणच विचारून ठेवलेला हप्ता १,१८० डॉलर आहे, म्हणजे वर्षाला ८४० जास्त, आणि त्यात ठरलेले मूल्य नाही. त्या दिवशी बाजारात पस्तीस वर्षांच्या गाडीची जी किंमत कंपनी काढील ती हातात येईल. टायरच्या पर्यायांत आपण वर्षाला शंभर डॉलरची घासाघीस करता आहात आणि इथे आठशे चाळीस दाराबाहेर उभे आहेत.

त्यातच मीठ. हिमवादळाच्या आदल्या दिवशी आपल्या रस्त्यांवर मिठाच्या पाण्याचे पांढरे पट्टे ओढलेले दिसतात, ते पाणी या गाडीचे हाडवैरी आहे. मियाटाच्या कापडी छतावरचे पाणी दारांच्या मागून नळीवाटे खाली उतरते आणि मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडते. पाने-कचरा अडकून ती वाट तुंबली की दाराखालची पत्र्याची पट्टी आतून गंजते, आणि चाकाने उडवलेले मीठ तिथेच बाहेरून चढते. रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. तो कापून नवा जोडण्याचा खर्च चार अंकी असतो, आणि एवढे करूनही विकताना खरेदीदार प्रथम तिथेच बोट फिरवतो. आपल्या गाडीच्या पट्ट्या अजून कोऱ्या आहेत, असे तपासनिसाने लिहून दिले आहे. सोळा हजारांच्या त्या मूल्यात याचा वाटा मोठा आहे.

म्हणजे नऊ हजारांची गाडी घ्यावी का? तीही नको. डिसेंबर ते मार्च हे सतरा आठवडे धरले, तर त्यांतले चार आपण दरवर्षी साताऱ्याला आई-वडिलांकडे असता. उरले तेरा. आठवड्याला तीन दिवस ऑफिस, त्यांतल्या मंगळवारी आणि गुरुवारी आपल्या पत्नी कामावर जाता-येता आपल्याला स्टेशनला सोडू-आणू शकतात. राहिले तेरा बुधवार. जाऊन-येऊन टॅक्सीला २६ डॉलर धरले तरी ३३८ होतात, आणि त्या दिवसांचे पार्किंग वाचते ते वेगळेच. तेरा बुधवारांसाठी घरात आणखी एक गाडी उभी करायची, तिचा विमा, नोंदणी, तेलपाणी सांभाळायचे, हे मला पटत नाही. बुधवारचे काम घरून करण्याची परवानगी ऑफिसने दिली तर हा खर्चही उरणार नाही.

दुकानदार चार टायरांवर ९६ डॉलरचे खड्डा-संरक्षण घ्या म्हणतो. नको. एक टायर फुटला तर १७० डॉलरचा प्रश्न आहे, आणि गाडी खड्ड्यांच्या दिवसांत बाहेरच नसेल.

राहिला पैसे देण्याचा मार्ग. दुकानाच्या कार्डावर सहा महिने बिनव्याजी याचा अर्थ बहुधा असा असतो, की व्याज माफ नसते, फक्त पुढे ढकललेले असते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दहा डॉलर जरी बाकी राहिले, तरी खरेदीच्या दिवसापासूनचे सगळे व्याज एकदम लावले जाते. मी स्वतः २००९ मध्ये एका फ्रिजच्या खरेदीत ४० डॉलर भरायचे राहून गेल्यामुळे अकरा महिन्यांचे व्याज भरले आहे, आणि तेव्हाही माझा व्यवसाय लोकांना सल्ला देण्याचाच होता. ज्यांच्या एका कार्डावर आधीच दरमहा सुमारे ८० डॉलर व्याज चढते आहे, त्यांनी दुसरे कार्ड उघडू नये.

आणि मुळात घाई कशाला? टायर आजच घेतले तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळतील, पुढे चार महिने ते थंड गॅरेजमध्ये उभ्याउभ्या म्हातारे होतील. आपला टायर मैलांनी नव्हे तर वर्षांनी मरणार आहे, हे ज्याअर्थी आपण मान्य केले त्याअर्थी हे महिने फुकट घालवण्यात हशील नाही. म्हणून मी असे सुचवतो : गाडी या आठवड्यातच गॅरेजमध्ये लावावी, टाकी भरून बॅटरीला चार्जर जोडावा. जुन्या टायरांना उभ्याने सपाट डाग पडले तरी बिघडत नाही, ते जाणारच आहेत. बाजूला काढलेले ६८० डॉलर आजच कार्डाच्या थकबाकीत भरावेत. पाच महिन्यांत त्यांवरचे सुमारे ६५ डॉलर व्याज वाचेल, म्हणजे एका टायरच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. मार्चमध्ये बोनस आला की त्यातून टायर रोखीने घ्यावेत आणि उरलेले २,३२० पुन्हा कार्डात घालावेत. बोनस लांबला तर गाडीही तितकेच दिवस उभी राहील, टायरसाठी कर्ज काढायचे नाही. यात आपली यंदाची पानगळ हुकते, हे मला कळते. छत उघडून लाल-पिवळ्या झाडांखालून जाण्याचे पंधरवड्याचेच सुख असते, आणि त्याचा भाव माझ्या कोष्टकात नाही. पण अकरा वर्षांच्या, चिरा गेलेल्या टायरांवर ते घेऊ नका, असे सांगणे मला भाग आहे.

मार्चअखेर पहिल्या चांगल्या पावसाने रस्त्यांवरचे मीठ धुऊन गेले की दुकानात फोन करून टायर आधी मागवून ठेवावेत आणि ते रिमवर चढवण्यापूर्वी चारही टायरांचे शेवटचे चार अंक स्वतः वाचावेत. पूर्ण संकेतांक एकाच बाजूला असतो, आणि बसवल्यावर ती बाजू आत गेली तर गाडीखाली टॉर्च घेऊन झोपावे लागते. एक वर्षाहून जुना टायर निघाला तर दुसरा मागवा, किंवा तेवढ्या महिन्यांचे पैसे किमतीतून कमी करून मागा. आणि जुन्या टायरांवर दुकानापर्यंत गाडी चालवत नेण्याऐवजी चाके काढून पत्नीच्या गाडीतून न्यावीत. जॅक आपल्याकडे आहे, असे पत्रात दिसते.