म्यानमारमध्ये डॉक्टरकी सोडून राजकारणात गेलेल्या माणसाला शेवटी काय मिळतं?

तुमचा प्रश्न वाचला आणि डॉ. झॉ म्यिंट माँग आठवले. मी रत्नागिरीचा. आमच्या गावात मंडालेहून आणलेल्या, ब्रह्मदेशच्या (आताच्या म्यानमारच्या) थिबा राजाचा वाडा आहे आणि टिळकांची सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात गेली, त्यामुळे मंडालेची बातमी दिसली की मी थांबून वाचतोच. हे डॉक्टर त्याच मंडालेचे.

जन्म १९५१चा. तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि पुढे तिथेच शिकवूही लागले. लष्करी राजवटीविरुद्धच्या १९८८च्या जनतेच्या उठावानंतर ते लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांच्या पक्षात, 'एनएलडी'त (नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी) आले. मे १९९०च्या निवडणुकीत मंडालेशेजारच्या अमरपुरातून निवडूनही आले. पक्षाला ३९२ जागा मिळाल्या होत्या, पण लष्कराने सत्ता सोडली नाही. मग निवडून आलेल्या काही प्रतिनिधींनी गुपचूप भेटून आपलं हंगामी सरकार बनवायचा विचार केला. त्यावरून धरपकड झाली. डॉक्टरांना राजद्रोहाखाली २५ वर्षांची शिक्षा लागली, तेव्हा चाळिशीही पुरी झाली नव्हती.

यापुढचा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यांगूनच्या इन्सेन तुरुंगात कैद्यांनी तिथल्या हालांचं टिपण चोरून लिहिलं आणि संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीपर्यंत पोचवायचं ठरवलं. तिथे कागद-पेन सापडणं हाच गुन्हा. १९९६मध्ये यावरून अनेकांच्या शिक्षा वाढवल्या, त्यात हेही होते. आधीच २५ वर्षांची शिक्षा डोक्यावर असताना माणूस अशा कागदात हात घालतो, हे वाचून मी हललो होतो. पुढे त्यांना पार उत्तरेला, मिचिनाच्या तुरुंगात ठेवलं.

सुटका झाली २००९मध्ये. १९ वर्षं गेली होती. घरी बसले असते तर कोणी नावं ठेवली नसती, पण २०१२च्या पोटनिवडणुकीत ते संसदेत गेले, २०१५ला पुन्हा अमरपुरातूनच प्रांताच्या विधिमंडळात आले आणि २०१६मध्ये मंडाले प्रांताचे मुख्यमंत्री झाले. पक्षाचे उपाध्यक्षही होते. मुख्यमंत्री असतानाच त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. तरी काम सोडलं नाही.

१ फेब्रुवारी २०२१ला लष्कराने सत्ता बळकावली, त्याच दिवशी ते पुन्हा अटकेत. दोन-तीन दिवसांतच सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टर-नर्सनी निषेध म्हणून लाल फिती लावून काम बंद केलं आणि त्यात मंडालेचे डॉक्टर अगदी पुढे होते. ४ तारखेला मंडालेत पहिला मोर्चा निघाला तो वैद्यकीय विद्यापीठासमोरून, आणि काढणारा तेझार सान हाही डॉक्टरच. म्हणून कुणी म्हणालं की तिथे डॉक्टर 'वाट चुकून' राजकारणात येतात, तर मला ते पटत नाही. लष्कराची राजवट काय करते हे वॉर्डात रोज दिसत असतं.

तुम्ही विचारलंत, मिळतं काय? मी यांच्यापुरता हिशेब मांडून पाहिला. संसद आणि मुख्यमंत्रिपद मिळून जेमतेम नऊ वर्षं. तुरुंगात बावीसच्या वर. आजार बळावल्यावर अगदी शेवटी २०२१च्या अटकेनंतर झालेली शिक्षा माफ झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२४ला मंडालेच्याच जनरल हॉस्पिटलात ते वारले.