आधी तोंड तपासून घ्या

प्रश्न : लग्नाला २५ वर्षं होताहेत. भेट म्हणून दोघांचा संपूर्ण शरीराचा एमआरआय करावा म्हणते. मी ४९ वर्षांची, हे ५३. यांना खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) सवय आहे.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, दोघं मिळून जाताय, याचं मनापासून कौतुक. पण लक्षणं नसताना असा एमआरआय करण्याची शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी ही रेडिओलॉजिस्टांची संघटना करत नाही. निरुपद्रवी गाठ दिसते आणि तपासण्यांचा ससेमिरा लागतो. माझ्या बहिणीची यकृतातल्या अशाच ठिपक्यापायी दोन महिने झोप उडाली होती.

मला काळजी खर्ऱ्याची आहे. गालातला पांढरा चट्टा, तोंड कमी उघडणं या तोंडाच्या कर्करोगाआधी दिसू शकणाऱ्या खुणा दंतवैद्य बॅटरीच्या उजेडात पाच मिनिटांत पाहतात. याच आठवड्यात न्या त्यांना. सोबत दोघांचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल. तुमची मॅमोग्राफी आणि गर्भाशयमुखाची तपासणी.