पाठ केलेले इंग्रजी शब्द राहत का नाहीत?

"मॅडम, रात्री पाठ केलेलं सकाळी सगळं कोरं. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?" बँकेच्या परीक्षा देणाऱ्या मुलांकडून हे मी सारखं ऐकते. यावेळी विचारणारी कोकणातल्या हर्णै बंदराकडची होती (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). बी. कॉम. झालेली, शिक्षण मराठी माध्यमात. सोबत आई. "दिवसभर पुस्तकात डोकं असतं हो हिचं, मग राहत कसं नाही?" आईच्या आवाजात काळजीपेक्षा वैतागच जास्त.

तिने वही पुढे केली. डावीकडे निळ्या शाईत अवघड इंग्रजी शब्द, उजवीकडे लाल शाईत अर्थ, रोजचे 50. वरून खाली विचारले तेव्हा धडाधड सांगितले. मग मधलाच एक विचारला, तर डोळे मिटून टेबलावर बोट वरखाली फिरवू लागली, पानावरची जागा आठवत. 'अ‍ॅम्बिग्युअस'पुढे 'संदिग्ध' लिहिलं होतं. "संदिग्ध म्हणजे काय गं?" तिने आईकडे पाहिलं. आईने छताकडे. एका अनोळखी शब्दापुढे दुसरा अनोळखी शब्द. असं टिकणार कसं?

स्मरणशक्ती तिची ठणठणीत होती, हे मी आधी स्पष्ट सांगितलं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरणं मोजलं आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यातला निम्म्याहून जास्त भाग एका दिवसातच निसटत होता. मात्र अंतराअंतराने उजळणी केली की तेच कमी कष्टात टिकतं. आणि मराठी माध्यमामुळे असं होतं म्हणाल, तर इंग्रजी माध्यमातली मुलंही अशाच याद्या घेऊन माझ्याकडे येतात.

रोजचे 50 मी 8 वर आणले. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड, मागे अर्थ सोप्या बोलीत आणि तिचं स्वतःचं एक वाक्य. कार्डांसाठी आमपोळीचे रिकामे डबे. आठवलं तर कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं तर परत पहिल्यात. पहिला डबा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने उघडायचा. शिकण्याच्या पद्धतींवर लिहिणाऱ्या सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये ही रीत लोकांपुढे ठेवली. अर्थ झाकून आधी आठवायचं, मगच कार्ड उलटायचं. नुसतं वाचत बसलं की येतंय असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

'रिलक्टंट'साठी (म्हणजे मनातून तयार नसलेला) तिने लिहिलेलं वाक्य मला फार आवडलं: पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली तरी नारळी पौर्णिमेआधी होडी लोटायला बाबा 'रिलक्टंट' असतात. घरचा माणूस त्यात आला आणि तो शब्द पुन्हा कधी चुकला नाही.

आई मात्र पटायला तयार नव्हती. "8 शब्दांनी काय होणार? परीक्षा थांबणार आहे का?" प्रश्न रास्त होता. क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न, वेळ 20 मिनिटं, चुकलं की पाव गुण वजा. त्यात उतारा असतो, गाळलेल्या जागा असतात, चूक ओळखायची असते. शब्द वाक्यात ओळखता आला नाही तर पाठ केलेल्या अर्थाचा उपयोग थोडाच. म्हणून रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक छोटा लेख वाचायचा आणि 8 शब्द त्यातूनच उचलायचे, असं ठरलं.

परीक्षा अजून व्हायची आहे. परवा ती आली तेव्हा तक्रार बदलली होती: शब्द कळतात, पण उतारा वेळेत संपत नाही. सध्या घड्याळ लावून वाचन सुरू आहे.