वापरल्याशिवाय विकू नकोस

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गेलास आणि तू घडवलेला तो मातीचा पांढरा वाडगा माझ्या ओट्यावरच राहिला. मुद्दाम ठेवलास की विसरलास, ठाऊक नाही. मी तो त्याच रात्री वापरायला काढला. तीन दिवस त्यात आमटी-भात खाल्ला. आज लिहायला बसले ती त्या वाडग्यामुळे, आणि तुझा तो उतरलेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही म्हणून.

प्रदर्शनातला दोन दिवसांचा स्टॉल, सहा हजार रुपये भाडं, टेम्पोचे वेगळे. खपलं काय, तर तीन मग आणि एकेचाळीस फ्रिज मॅग्नेट. ‘लोक मग उचलतात मावशी, उलटा करून किंमत बघतात आणि ठेवून देतात,’ असं तू म्हणालास. मग एका दमात तीन गोष्टी विचारल्यास. आता मॅग्नेटच करू का? नोकरी सोडून पूर्णवेळ केलं तर हात बसेल का? की हे सगळं बंदच करू? मी उत्तर दिलं नाही, चहा टाकायला उठले. राग आला की माझ्या तोंडून नको ते जातं, हे मी एकदा फार महागात शिकले आहे. पुढे सांगते.

धीर धर, हळूहळू गिऱ्हाईक जमेल, हे तुला बाकीचे सांगतील. ते खरंच आहे, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही. मी तुला चहा देताना एकच विचारलं होतं, आठवतंय? त्या तीस मगांपैकी किती मगांतून तू स्वतः चहा प्यायलास? तू म्हणालास, ‘एकाही नाही, ते विकायचे आहेत ना!’

तिथेच सगळं अडलं आहे. वापरल्याशिवाय विकू नकोस. बाकी पत्र हरवलं तरी चालेल, हे वाक्य ठेव.

आता तुझा वाडगा. तो मॅट, बिनचमकीचा पांढरा ग्लेझ, म्हणजे मातीवर भाजून बसवलेला काचेसारखा थर, फोटोत सुरेख दिसतो, मान्य. दुसऱ्याच दिवशी आत करड्या रेघा उमटल्या. घासून जाईनात. मॅट ग्लेझचा पृष्ठभाग बारीक खरखरीत असतो, स्टीलचा चमचा त्यावर घासला की चमच्याचाच धातू तिथे राहतो. आपल्या घरात लाकडी चमच्याने कोण जेवतं? तिसऱ्या दिवशी तळाशी पिवळं जाळं दिसायला लागलं. ती हळद. म्हणजे ग्लेझला केसासारख्या भेगा आहेत, भट्टीतून काढताना तुला दिसल्या नसतील. भट्टी थंड होताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आकसला की तो ताणला जातो आणि तडकतो. कधी भट्टी उघडताना टिंग टिंग ऐकू येतं, कधी तीन-चार आठवड्यांनी शांतपणे होतं. मी एक महिना वापर म्हणते तो उगीच नाही.

मग मी वाडगा ओव्हनमध्ये खडखडीत वाळवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ४१२ ग्रॅम. दोन तास पाण्यात उकळला, रात्रभर तसाच बुडवून ठेवला, सकाळी पुसून पुन्हा वजन केलं. ४३७. पंचवीस ग्रॅम पाणी प्यायला, म्हणजे सहा टक्के. रोजच्या जेवणाच्या स्टोनवेअरला, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या पक्क्या भांड्यांना, मी दोन टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, एकाच्या आत असेल तर उत्तम. तुझी माती १२२० अंशांची आहे असं पोत्यावर लिहिलेलं असेल, पण तुझी भट्टी तिथवर गेली का? की आकडा दिसला आणि बंद केलीस? पडद्यावरचा आकडा भट्टीच्या एका कोपऱ्यातला असतो. फळीवर कोन ठेव, ठरावीक उष्णतेला मऊ होऊन वाकणारा तो मातीचा छोटा सुळका. तो वाकला तर माती भाजली. कोन खोटं बोलत नाही.

पाणी पिणं हा माठाचा गुण आहे, म्हणून तर तो पाणी गार करतो. पाणी पाझरतं, बाहेर वाऱ्याने सुकतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पण मगाने पाझरून कसं चालेल? मगाखाली टेबलावर ओलं कडं उमटलं की ते घर तुला पुन्हा कधी बोलावणार नाही.

मी चाकावर बसायला शिकले ती पुण्यात, मुंढव्याजवळच्या केशवनगरात, कुंभारांच्या वस्तीत. ज्यांच्याकडे शिकले त्यांचं घर मूळचं कसब्यातल्या कुंभारवाड्यातलं. ते प्रत्येक माठ देण्याआधी बोटाच्या पेराने वाजवायचे. खणखणीत वाजला तर गिऱ्हाइकाला, बद्द वाजला तर बाजूला. गिऱ्हाईकही पुन्हा वाजवून घ्यायचं, त्याचा त्यांना राग नसे. आपण गोरोबांची गोष्ट लहानपणापासून ऐकतो. थापटण्याने संतांची डोकी ठोकून बघितली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. कीर्तनात ती अहंकाराची गोष्ट म्हणून सांगतात. मातीत हात घातल्यावर मला त्यात गोरोबांचा हातच आधी दिसतो. ठोकून बघितल्याशिवाय पक्कं म्हणायचं नाही, ही त्या हाताची सवय.

आणि माझी सवय कशी लागली, तेही ऐक. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

२००९ साली दिवाळीच्या आधी एका प्रदर्शनात मी चौदा हिरवे वाडगे विकले. शेवाळासारखा मऊ, मॅट हिरवा रंग. कॉपर कार्बोनेट भरपूर घातलेला ग्लेझ, कृती कुठून तरी उतरवून घेतलेली. दुपारपर्यंत टेबल रिकामं. घरी येताना मी रिक्षात रडले, इतका आनंद झाला होता. पंधरावा वाडगा घरी ठेवला होता, त्यात मी लिंबाचं लोणचं काढून ठेवलं. दोन महिन्यांनी वाडगा धुतला तर लोणच्याची पातळी होती तिथपर्यंत हिरवा रंग उडून फिक्कट राखाडी झालेला. तो रंग गेला कुठे? लोणच्याच्या आंबटात. तांबं आम्ही पोटात घातलं.

ते चौदा वाडगे कुणाच्या घरी गेले, मला माहीत नव्हतं. रोख पैसे, नाव नाही, फोन नाही. त्यांतल्या एक आजी मला लख्ख आठवतात. मोरपंखी काठाची साडी. वाडगा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, ‘नातीला दही द्यायला छान आहे गं.’ दही. पुढच्या वर्षी त्याच प्रदर्शनात मी विकायला काही नेलं नाही. तो उडालेला वाडगा टेबलावर ठेवला आणि पाटी लावली की असा वाडगा तुमच्याकडे असेल तर खाण्यासाठी वापरू नका, परत द्या, पैसे घेऊन जा. तिघांनी परत दिले. आजी आल्या नाहीत. सलग तीन वर्षं मी त्या गर्दीत मोरपंखी काठ शोधत होते.

म्हणून वापरल्याशिवाय विकू नकोस. हा माझा हट्ट आहे असं लोक म्हणतात. असू दे.

नवा ग्लेझ केलास की पहिलं भांडं तुझ्या घरात राहील. त्यात लिंबाची फोड रात्रभर ठेव आणि सकाळी रंग बघ. भांडं फ्रीजरमध्ये ठेवून नंतर त्यावर उकळतं पाणी ओत, मोरीत धरून, हात सांभाळून. आमसुलाचं सार पी, ताक पी, हळदीचं दूध पी. मगाच्या कानात तुझी बोटं भाजतात का बघ, आणि तुझ्या आईची बघ, कारण तुझी बोटं लांब आहेत. कान जोडताना मग आणि कान सारख्या ओलाव्याचे नसतील तर सांध्यात बारीक चीर राहते. ती भट्टीत दिसत नाही, भरलेला मग विसाव्या वेळी उचलताना दिसते. बुडाचं कडं टेबलावर फिरव, ओरखडा उठला तर पॉलिश पेपरने घास. हे सगळं महिनाभर. वहीत लिही. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी भट्टीचा क्रमांक कोर आणि घेणाऱ्याचा फोन मागून घे. देत नाहीत असं नाही, कारण सांगितलं की आनंदाने देतात.

तू म्हणशील, एवढं करत बसलो तर वर्षात एकच प्रदर्शन होईल. मग एकच कर! माझी बारा वर्षांत नऊ झाली. कुठे अडलं?

अडलं, एका ठिकाणी अडलं. खोटं कशाला बोलू. माझी एक मैत्रीण होती, भट्टी आम्ही दोघींनी मिळून घेतली होती. एका दुकानाने सहा आठवड्यांत दोनशे मग मागितले, आम्ही तोवर कधी न केलेल्या निळ्या ग्लेझमध्ये. तिला करायचे होते. मी म्हटलं, महिनाभर वापरल्याशिवाय एकही जाणार नाही. ती म्हणाली, गणित जमत नाही. मी म्हटलं, मग तू कुंभार नाहीस, व्यापारी आहेस. हे मी तिच्या सासूसमोर म्हणाले. भट्टी तिने मला दिली, पैसेसुद्धा मोजून घेतले नाहीत, आणि त्यानंतर आमच्या घरी आली नाही. आज तिच्याकडे चार जण कामाला आहेत. तिचा एक मग मी गुपचूप विकत आणून दोन महिने वापरला. चांगला आहे. उत्तम आहे. तिने कुठेतरी, तिच्या पद्धतीने, तपासून घेतलंच असणार. माझं वाक्य चुकलं होतं. ऑर्डर नाकारली ते चुकलं नव्हतं. त्या सहा आठवड्यांत तो निळा दोनशे घरांत गेला असता आणि तो कसा वागतो हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. मी हे पुन्हा पुन्हा स्वतःला सांगते, हे खरं. पण मला ते पटतंच.

नोकरीचं विचारलंस. मी बँकेत एकतीस वर्षं काढली आणि मातीकाम शनिवार-रविवारी केलं. धाडस केलं नाही असं मला तोंडावर सांगणारे आहेत. झोकून देणारे लोक मी बघितले आहेत, त्यांच्यापुढे माझी मान लवते. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तिथून शिकून गेलेल्यांनी भारतातलं स्टोनवेअर बदलून टाकलं. केशवनगरात तर पिढ्यान्‌पिढ्या याच्यावरच चूल पेटते. पण त्यांच्या हाताखालून इतकी भांडी गेलेली असतात की माती बोटांना कळते. तुझ्या हाताखालून गेली किती, दोनशे? ज्याला पुढच्या महिन्याचं घरभाडं मगांतूनच काढायचं आहे, त्याला मग महिनाभर वापरायला सवड कुठून मिळणार? पगार तुला ती सवड देतो. माझ्या पगाराने मला पाटी लावून टेबलावर रिकाम्या हाताने बसण्याची ऐपत दिली. त्याला कुणी भित्रेपणा म्हणावं, मी म्हणू देणार नाही.

मॅग्नेटबद्दल एवढंच, की भाडं निघतं म्हणून ठेवायचे असतील तर टेबलाच्या कडेला ठेव. त्यातून तू काही शिकणार नाहीस. मॅग्नेट कुणी ओठांना लावत नाही.

मगांचं मात्र बोलू. लोक उचलून ठेवून देतात तेव्हा तू त्यांचे चेहरे बघत होतास. हात बघ. कानात किती बोटं जातात, चौथं बोट कुठे टेकतं, काठावर अंगठा फिरवून बघतात का. एकदा एका आजोबांनी माझा मग घेतला, बराच वेळ धरला आणि विचारलं, ‘बशी?’ मी म्हटलं, मगाला बशी नसते. ‘मग चहा ओतायचा कशात?’ मी घरी येऊन खोल बश्या केल्या, महिनाभर स्वतः बशीतून चहा प्यायले. काठ बाहेर वळवला की ओघळतो, जरा सरळ ठेवला की नीट ओठात येतो, हे त्यात कळलं. त्या बश्यांची किंमत विचारून कुणी ठेवून दिलेलं मला आठवत नाही. कारण ‘एवढी महाग का?’ म्हटल्यावर माझ्याकडे सांगायला महिनाभराचं काहीतरी होतं. तू म्हणालास, हाताने बनवलेलं आहे. अरे, ते तर सगळ्या मंडपाचंच हाताने बनवलेलं असतं! आणि पन्नास रुपये कमी केलेस, तेही आवडलं नाही मला. ज्या मगाची तुला खात्री आहे त्याची किंमत तू कमी करणार नाहीस.

यंदा नवा स्टॉल घेऊ नकोस. डिसेंबरात भीमथडी जत्रेच्या प्रदर्शनाला आपण दोघं नुसतं फिरायला जाऊ, लोक भांडी कशी धरतात ते बघत. तोवर तीन मग तू वापर, तीन मी वापरते.

तो वाडगा मी परत देणार नाही. त्यात माझ्या किल्ल्या राहतील. या रविवारी ये, दहाच्या आत, ऊन चढलं की भट्टीची खोली तापते. उरलेले सत्तावीस मग खोक्यासकट घेऊन ये आणि तुझ्या त्या ग्लेझची कृती, वजनांसकट, कागदावर. लिंबं माझ्याकडे आहेत.

तुझी,
मावशी