पॅराव्ह्यूमध्ये (सिम्युलेशनचा डेटा चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या कास्टिंगचा (ओतीव भागाचा) तापमानाचा डेटा व्हॉल्यूममध्ये (आतलं सगळं अर्धपारदर्शक दाखवून) बघताना लॅपटॉप हँग होतो, काय करू?
उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं कास्टिंग म्हणतोस म्हणजे मेश (तुकड्यांची जाळी) बहुतेक टेट्राहेड्रल, म्हणजे चार बाजूंच्या तुकड्यांचा असणार, तसल्या मेशवर थेट व्हॉल्यूम लावलास तर लॅपटॉप बसणारच की. आधी रिसॅम्पल टू इमेज फिल्टर लाव, तो डेटा सारख्या चौकोनी ठोकळ्यांच्या ग्रिडवर आणतोय, १०० × १०० × १०० पासून सुरू कर, ग्रिड रेग्युलर झाला की ग्राफिक्स कार्डावर पटापट फिरतंय, फक्त पातळ भिंती पुसट होतात, तिथं आकडे वाढवायचे. मग ओपॅसिटीचा (अपारदर्शकतेचा) कर्व्ह हातानं ओढून थंड भाग जवळजवळ पारदर्शक कर, नाहीतर नुसता धूर दिसतोय. आणि खरं सांगू काय, धातू कुठपर्यंत गोठला एवढंच सरांना दाखवायचं असेल तर व्हॉल्यूम कशाला कराय लागलायस, गोठण्याच्या तापमानाचा काँटूर (त्या एकाच तापमानाचा पृष्ठभाग) काढ, बास. ऑस्प्रे (पॅराव्ह्यूमधलं रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र काढणारं) सावल्या झकास देतंय पण प्रोसेसर खातंय, रिपोर्टमधल्या शेवटच्या फोटोपुरतंच चालू कर.