पहिला प्रयोग बारा जणांसाठी कर

तुझी कल्पना मला मनापासून आवडली: जुन्या नाशकातला वाडा, हातात कंदील आणि प्रेक्षक गोष्टीच्या आतून चालत जाणार. पण सुरुवातीलाच दोनशे जण नकोत. बारा जण घे आणि तिकीट लाव. फुकट आलेले मित्र नुसतं कौतुक करतात. पैसे मोजलेला माणूस कुठे कंटाळला ते सांगतो.

रंगपंचमीला तिवंधा चौकात किंवा शनी चौकात रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या हौदाजवळ, तासभर उभा राहा. काठावर बिचकणारा माणूस उडी मारून वर येतो तेव्हा कसा बदललेला असतो, ते बघ. रंगाचा वास, गर्दीचा रेटा, गार पाणी. पेशवेकाळापासून आपल्याकडे हे चालत आलंय. तुला तेच उभं करायचंय, लहान प्रमाणात.

वाड्यातले जिने अरुंद असतात. खरी ज्योत नको, एलईडी कंदील घे. माझ्या एका प्रयोगात वीज गेली आणि माणसं जिन्यात अडकली. तेव्हापासून प्रत्येक मजल्यावर बॅटरी घेतलेला माझा माणूस असतो. वाडामालकाची परवानगी लेखी हवी. अंगणात स्पीकर लावलास तर रात्री १० ला बंद.

आणि तिकिटाचा दर काढताना स्वतःची मजुरी धर. मी पहिली दोन वर्षं ती धरलीच नव्हती.